कॅप्टन काकू

कॅप्टन काकूंना गाडी पार्क करता येत नसे. मिशिगनमधल्या ट्रॉय गावी आमच्या इंडियन ग्रोसरीसमोर त्यांची गाडी नेहमी दोन जागा अडवून तिरकी उभी असायची. तीच बाई कालव्यातल्या लॉकच्या, म्हणजे बोटी खाली-वर उतरवणाऱ्या हौदाच्या, अरुंद काँक्रीटच्या भिंतींमध्ये बोट अशी अलगद आणून उभी करायची की भिंतीला साधा ओरखडा उठत नसे. "अगं, गाडीखालचा रस्ता मेलेला असतो. पाणी जिवंत असतं, ते मदत करतं," असं त्यांचं त्यावर उत्तर.

मूळच्या त्या वाईच्या. आयुष्यभर भूलतज्ज्ञ म्हणून डेट्रॉइटच्या आसपासच्या हॉस्पिटलांत काम केलं. रिटायर झाल्या, पाठोपाठ काका गेले, आणि वर्षभराने त्यांनी एक जुनी मोटरबोट घेतली. मुलाने टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून फोन करकरून विरोध केला. इतकी वर्षं का थांबलात, असं मी विचारलं तेव्हा हसून म्हणाल्या, "आमच्या ह्यांना पाणी फक्त तांब्यातलं आवडायचं."

उन्हाळ्यात शनिवारी पहाटे मला आणि माझ्या नवऱ्याला, समीरला, घेऊन त्या उत्तरेकडे निघायच्या. तिथे दोन तळ्यांना जोडणारा एक कालवा आहे आणि मधे लॉक. एका तळ्याचं पाणी दुसऱ्यापेक्षा पुरुषभर उंच. बोटी आत घ्यायच्या, मागचं दार लावायचं, पाणी सोडून द्यायचं, आणि बोटी खाली उतरल्या की पुढचं दार उघडायचं. एवढाच प्रकार, पण काकूंना दर वेळी तो नव्याने घडल्यासारखा वाटे. भिंतीवरची ओली रेघ उघडी पडू लागली की त्या माझा दंड धरून म्हणायच्या, "बघ, बघ, चाललो आपण खाली." शेवाळ्याचा गार वास यायचा, वरचं आकाश अरुंद होत जायचं, आणि माझंही काळीज उगाच धडधडू लागायचं.

लॉकच्या अलीकडे बोटवाल्यांसाठी धक्का होता. तिथे प्यायच्या पाण्याचा नळ, शॉवर, बर्फाचं मशीन, झाडाखाली लाकडी टेबलं, आणि बोटीतल्या संडासाची टाकी उपसायचा पंप. तो पंप काकू स्वतः चालवायच्या. समीर नाक मुरडायचा, तर म्हणायच्या, "पोट साफ झाल्याशिवाय मी कुठलाच पेशंट टेबलावर घेतला नाही."

एकदा जुलैच्या भर दुपारी लॉकच्या आत आमच्या समोरच्या भिंतीला एक कुटुंब बोट लावून उभं होतं. नवरा, बायको आणि दोन लहान मुली. लॉकमध्ये खाली उतरताना दोर बांधायचा नसतो, हातात धरून हळूहळू सैल सोडायचा असतो. त्या माणसाने तो भिंतीवरच्या खुंट्याला आणि बोटीला दोन्हीकडे पक्का बांधून टाकला होता. पाणी उतरू लागलं, आणि काही वेळातच त्यांची बोट एका बाजूने भिंतीला लटकू लागली. थर्मास घरंगळला. धाकटी मुलगी रडायला लागली. तो माणूस गाठ सोडवायला धावला. ताणलेल्या दोराखाली त्याने बोटं घातली.

काकूंनी भोंगा दाबला आणि मला म्हणाल्या, "थांबून थांबून वाजवत राहा." मग त्या माणसाकडे वळून त्यांनी त्याच्याशी बोलायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही. आधी हात बाहेर काढ, म्हणाल्या. मुलींना वरच्या बाजूला घे. आता त्यांना घेऊन खाली बस आणि माझ्याकडे बघ. तो माणूस खरोखर बसला. ऑपरेशन टेबलावर घाबरलेली किती माणसं त्या आवाजाने शांत झाली असतील, ते मला तेव्हा कळलं. भोंगा ऐकून वर दारं चालवणाऱ्या रखवालदाराने पाणी थांबवलं, पुन्हा आत सोडलं. बोट हळूहळू सरळ झाली, दोर ढिला पडला आणि गाठ सुटली.

दुसऱ्या खेपेला आम्ही सगळे नीट उतरलो. पलीकडच्या धक्क्यावर काकूंनी त्या कुटुंबाला आमच्या टेबलावर बोलावलं आणि तिखटमिठाच्या पुऱ्या वाढल्या. दोराबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. माणूस ओशाळून माफी मागू लागला, तर त्याच्या पानात आणखी एक पुरी टाकली. ते गेल्यावर मात्र पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, "जरा चहा दे गं." चेहरा नुसता फुलला होता. "सुटली ना बोट," त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

गेल्या वर्षी त्यांची नजर अधू झाली. कुणी सांगायच्या आत त्यांनीच ठरवलं की आता चाक धरायचं नाही. फ्रिस्कोला मुलाकडे जायचं पक्कं झालं, आणि बोट त्यांनी आम्हाला दिली. शेवटच्या शनिवारी लॉकच्या तोंडाशी येताच त्या उठल्या, मला चाकाजवळ ढकललं आणि म्हणाल्या, "आज मी पॅसेंजर. इतकी वर्षं दोर, भिंत आणि रखवालदार बघण्यात गेली. दार उघडताना पुढे बसून कधी पाहिलंच नाही."

बोटीच्या अगदी टोकाला जाऊन त्या मांडी घालून बसल्या. पाणी उतरलं. मोठी दारं कुरकुरत दुभंगली आणि मधून उजेडाची रेघ आत आली, रुंद होत गेली. भिंतीपासून अंतर राखत मी बोट पुढे घेतली. काकूंनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.