आवळीखालच्या आट्यापाट्या

कार्तिकात आवळीखाली जेवायला जायचं, म्हणजे आम्हा पोरांची दुसरी दिवाळीच. आम्ही वर्ध्यात राहायचो, शेत तळेगावच्या बाजूला. ते मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, पाहायचे. सकाळच्या एसटीनं सगळं लटांबर निघायचं. शेतात पोचलं की माणसं गोवऱ्यांचा जाळ करायची, बाया कणीक मळून रोडगे वळायच्या, आणि निखाऱ्यात रोडगे भाजेपर्यंत आम्ही कच्चे आवळे खाऊन दात आंबवून घ्यायचो.

खरी मजा जेवणानंतर. गोवऱ्यांची राख निवली की ती मुठीनं सोडत जमिनीवर आडव्या पाट्या आखायच्या आणि आट्यापाट्या खेळायच्या. एकेका पाटीवर एक जण हात पसरून उभा राहतो. त्यानं पाटी सोडायची नाही. दुसऱ्या बाजूनं त्याला हुलकावणी देत सगळ्या पाट्या ओलांडायच्या आणि तसंच परत यायचं. पाटीवाल्याचा हात लागला की बाद.

हा खेळ मला आईनं शिकवला. आमच्या गल्लीत, दारातल्या पायरीवर बसून, हातात निवडायचं सूप घेऊन. "डोयाकडं पाहू नको," ती ओरडायची, "कमरेकडं पाह्य! डोये खोटं बोलतात, कंबर नाई बोलत." मामा सांगायचा की लग्नाआधी गावातल्या एकाही पोराला ती सहजी सापडायची नाही. मला ते खरं वाटायचं, कारण पायरीवर बसूनही तिचे खांदे आमच्यासोबत हलायचे. पण प्रत्यक्ष खेळताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. आवळीखाली पहिली पंगत माणसांची, दुसरी पोरांची, शेवटची बायांची. बाया जेवून भांडी घासेपर्यंत परतीच्या एसटीची वेळ व्हायची. दरवर्षी आई राखेनं पातेलं घासत, मान वळवून वळवून आमचा खेळ पाहायची. त्या राखेचा मला राग यायचा. तीच राख आमच्या पाट्यांत, तीच तिच्या पातेल्यात.

मी सातवीत होते त्या वर्षी मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, काय मनात आलं कोण जाणे, आईच्या हातातलं पातेलं ओढून म्हणाली, "जाय वं, खेळ. भांडे मी घासतो. दरसाल नुसती मान वाकडी करतं."

आई आधी नाही नाही म्हणाली. मग तिनं डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला, त्याचं टोक कमरेला घट्ट खोचलं, निऱ्या वर घेतल्या. तिचे पाय इतके बारीक आणि चपळ असतील असं मला वाटलंच नव्हतं. आज सगळ्यांना कळणार होतं की माझी आई कोण आहे.

पोरं आणि आई एका बाजूला, पाट्यांवर घरची माणसं. पहिल्या पाटीवर मोठे बाबा, दुसऱ्या पाटीवर त्यांच्या पाठचे, पण बाबांहून मोठे काका, तिसरीवर माझे बाबा, शेवटची मोठ्या बाबांच्या जावयाची. आई पहिल्या पाटीशी गेली. डावीकडे झुकली, उजवीकडे पाय टाकला, अशी सुंदर हुलकावणी दिली की पोरं ओरडली. आणि मोठ्या बाबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

बरोबरच होतं म्हणा. ते तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. धाकट्या भावजयीला हात लावायचा नाही, तिच्याकडे थेट पाहायचंही नाही, अशी रीत. त्यांनी मान खाली घातली आणि बाजूला झाले. दुसऱ्या पाटीवर काकांनी तेच केलं. बाबांनी हात उचलला खरा, पण थोरल्या भावांसमोर बायकोला कसा लावणार? तेही लाजून सरकले. जावई तर बिचारा. चुलतसासूच्या पायाला हात लावायचा एवढंच त्याला ठाऊक. त्यानं जवळजवळ नमस्कारच केला.

आई शेवटच्या पाटीपलीकडे पोचली. पोरं नाचायला लागली, "काकू जिंकली, काकू जिंकली!" आई तिथंच उभी राहिली. भासऱ्यांशी बोलायची सोय नव्हती, म्हणून ती बाबांकडे तोंड करून म्हणाली, "अवो, सांगा नं त्यायले. मले बाद करा म्हनाव."

बाबा हसले. सगळेच हसले. कुणी वाईट नव्हतं हो, तेच तर दुखतं. सगळ्यांनी मिळून तिचा मान राखला. ती परत निघाली तेव्हा हुलकावणी द्यायच्या भानगडीत पडली नाही, पाणी आणायला निघाल्यासारखी सरळ चालत आली. आवळीपाशी येऊन तिनं खोचलेला पदर सोडला, मोठ्या आईच्या हातातलं पातेलं परत घेतलं आणि घासायला बसली.

त्यानंतर ती कधी खेळली नाही. पायरीवरून शिकवणंही हळूहळू बंद झालं. बाबा मात्र पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यारावळ्यांत अभिमानानं सांगायचे, "आमच्या घरचे लोक एकदाबी बाद नाई झाले." घरचे लोक म्हणजे आई. आई आतून म्हणायची, "खेळलीच कुठी?" लोकांना तो विनोद वाटायचा.

ऐंशीचं दशक सरत आलं आणि माझं लग्न ठरलं. वर्ध्यातच, घरासमोर मांडव. मी मुंडावळ्या बांधून बसलेली, आई अक्षतांचं ताट घेऊन लगबगीत. तेवढ्यात तिच्या माहेरची एक मैत्रीण आली. जाडजूड, पांढऱ्या केसांची बाई. तिनं मागून येऊन आईच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला आणि ओरडली, "बाद!"

आईनं ताट माझ्या मांडीवर आदळलं आणि तिच्या मागे धावली. मांडवाच्या खांबाला एक वळसा, खुर्च्यांमधून एक हुलकावणी, आणि दुसऱ्या खांबापाशी तिनं त्या बाईला गाठून असा धपाटा परत दिला की वाजंत्रीवाले थांबून पाहायला लागले. मोठे बाबा पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

आई धापा टाकत परत आली. माझ्या मुंडावळ्या नीट करताना तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "पाह्यलं?" ती माझ्या कानात म्हणाली. "याले खेळनं म्हनतात."

मी ढसाढसा रडायला लागले. मला सासरी तीन भासरे होते. आजूबाजूच्या बायांना वाटलं, पोरगी आईला सोडून चालली म्हणून रडते आहे, आणि त्यांनी मला पाणी दिलं.