गोंदियाची स्थळं बालाघाटच्या कॉम्प्युटरात

भाचीच्या हातात तिच्या माहितीचा छापील कागद ठेवला, तेव्हा मी भलताच ऐटीत होतो. तिनं वाचला आणि डोळे वटारले. "मौसाजी, मले गृहकृत्यदक्ष बायको पाह्यजे, असं काहून लिहिलं?"

आमच्या वधू-वर केंद्राच्या दोन शाखा, बालाघाट आणि गोंदिया. दोन्हीकडे एकच प्रोग्राम, तेच तक्ते, तेच रकाने. रविवारी दोन्ही शाखांचा मिळून मेळावा होता, म्हणून गोंदियाची माहिती फ्लॉपीवर आणून मी ती आमच्या माहितीत सरळ ओतली. तक्ते सारखेच, मग अडणार कुठं? अडलं नंबरावर! दोन्हीकडे नोंदणी एकपासून सुरू झालेली, आणि एका तक्त्यातलं नाव दुसऱ्यातल्या अपेक्षेशी जोडलेलं ते फक्त नंबरानं. भाचीच्या नावाला तिच्याच नंबराच्या गोंदियाच्या मुलाची अपेक्षा चिकटली.

तिची खरी अपेक्षा एवढीच, की लग्नानंतर इथल्या शाळेतली नोकरी सोडणार नाही. त्यावरूनच इकडची सगळी स्थळं परत गेलेली. आता तिच्या मावशीची, म्हणजे माझ्या बायकोची, सारी भिस्त गोंदियावर.

प्रोग्राम दुरुस्त करावा, तर तो लिहिणारा केव्हाच गाव सोडून गेलेला. मी डोकं धरून बसलो. आणि चहाच्या घोटासरशी सुचलं: प्रोग्रामला हात लावायचाच कशाला? ओतण्याआधीची आमच्या माहितीची प्रत परत चढवली, गोंदियाच्या प्रत्येक तक्त्यातल्या नंबरात दहा हजार मिळवले आणि मगच ओतलं. प्रोग्रामला काही पत्ताच नाही! त्याला वाटलं असेल, बालाघाटात एकाएकी लग्नाळू लोकांचा पूर आला.

भाचीची अपेक्षा कॉम्प्युटरात भरून शोध घेतला. पडदा नावांनी भरला! मी खुर्चीतून उठलोच. भाची बोट ठेवून वाचू लागली आणि गोंदियाच्या एका मुलाच्या अपेक्षेपाशी थांबली. "नोकरी करणारीच हवी. स्वयंपाक दोघं मिळून करू."

"मौसाजी, हा खराच हाय ना? का याची अपेक्षाबी दुसऱ्याचीच?"

"हौ, खरा हाय! दहा हजार मिळवून आणला त्याले!"

रविवारी मेळाव्यात दोघं एका कोपऱ्यात बोलत राहिली, जेवणाच्या पंगती उठल्या तरी. घरी येताना मी बायकोला विचारलं, "काय मग, जमवलं ना मी?"

"जमवलं, पण पोरगा राह्यते गोंदियाले अन् पोरीची शाळा इथं," ती म्हणाली. "शाळा तं काही हालत नाही. त्याले सांगून ठेवा, रोजच्या गाडीनं येणं-जाणं त्यानंच कराचं."