आप्पांनी घड्याळावर घेतलेला संशय

भटूआप्पा गेल्याचा निरोप ऑफिसच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी नंदुरबारच्या मिरची बाजारात होते. माझा विश्वास बसला नाही. मोबाइलवर आलेलं आधी तपासायचं, ही त्यांचीच शिकवण. धानोऱ्याला त्यांच्या घरी काकूंना फोन लावला. "खरं शे बाई," एवढंच त्या म्हणाल्या...

आप्पा आमच्या विमा कंपनीच्या शाखेत संगणक विभागाचे प्रमुख. कमालीचे संशयी. मी नोकरीला लागले तेव्हा माझं पदवीचं प्रमाणपत्र त्यांनी खिडकीशी नेऊन उजेडात धरलं होतं. जेवणाच्या सुट्टीत कोणाच्याही स्क्रीनवर डोकावून जायचे. राग यायचा त्यांचा.

गेल्या वर्षी आमच्याच शाखेतल्या, मोलगीच्या रमिलावर बालंट आलं. तिच्या लॉगिनवरून एक दावा मंजूर झाला होता आणि नोंदीतली वेळ मध्यरात्रीनंतरची होती. शाखेला तेव्हा कुलूप. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पासवर्ड कोणाला दिलास?"

"मी भर दुपारी केलंय, सर. इथेच बसून."

पाल प्रत्येकाच्याच मनात चुकचुकली होती. जेवताना तिच्याशेजारचे डबे दूर सरकले, टेबलांच्या खणांना किल्ल्या लागल्या. शोकसभेत आप्पांना फार मायाळू करून टाकलं, म्हणून मुद्दाम लिहिते... आप्पांचाही तिच्यावर भरवसा नव्हता. "पासवर्ड कोठे लिखी ठेयेल शे का?" म्हणत त्यांनी तिचा खण उपसला. काही सापडलं नाही. मग माझ्यावर संशय, मग शिपायावर. माणसं संपली तेव्हा ते यंत्राकडे वळले. त्या दिवशीच्या सगळ्यांच्याच नोंदी त्यांनी काढल्या. एकूणएक रात्रीच्या. साहेबांच्यासुद्धा.

"साहेब, तुम्ही बी रातले आठेच, ऑफिसात, व्हतात का?"

दाव्याच्या त्या दिवशी कंपनीचा सुरतचा मुख्य संगणक, मेनफ्रेम, दुरुस्तीसाठी बंद होता आणि काम राखीव सर्व्हरवर चाललं होतं. तिथल्या इंजिनिअरने फोनवर सांगितलं, वेळेचं सेटिंग बरोबर आहे. "वाचून दाखवा. एकेक अक्षर," आप्पा म्हणाले. पलीकडचा वाचू लागला आणि मध्येच थांबला... भारत ग्रिनिचच्या पूर्वेला; सेटिंगमध्ये पश्चिमेचं अक्षर पडलं होतं. साडेपाच तास मिळवायचे, ते वजा झाले. सर्व्हर अकरा तास मागे चालला आणि आमची दुपार त्याच्या लेखी रात्र ठरली.

साहेब रमिलाला हळूच म्हणाले, "जा, काम सुरू कर." ती हलली नाही. "सर, सगळ्यांसमोर विचारलंत. सगळ्यांसमोरच सांगा." साहेबांना सांगावं लागलं. आप्पा तेवढ्यात इंजिनिअरकडून दुरुस्तीची खात्री तिसऱ्यांदा करून घेत होते.

आता त्यांच्या खुर्चीवर रमिला बसते. परवा मी तिला म्हटलं, "सुरतची फाईल दुपारीच गेली."

तिने वर न बघता विचारलं, "कोणत्या सर्व्हरच्या दुपारी?"

मी परत जागेवर गेले आणि तपासून आले.