खिडकीतून टाकलेला रुमाल

पेडगावच्या पुढं चार मैलांवरच्या एका खेड्यात आम्ही दोघं मास्तर होतो. मी पाटलाच्या घरातला, तो बौद्धवाड्यातला. राहायला दोघंही परभणीत. त्या खेड्याला एसटीच नव्हती. पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल असा, की चपला हातात घेऊन शाळा गाठायची. दोन वर्षं आम्ही डेपोत निवेदनं दिली, साहेब नुसतं बघू म्हणायचे. शेवटी त्यानंच डोकं चालवलं. गावातल्या दोन्ही वस्त्यांतली माणसं, लेकरंबाळं, भाकरी बांधून नेली आणि डेपोच्या फाटकात सतरंज्या टाकून बसलो. संध्याकाळपर्यंत एक गाडी हलू दिली नाही. महिन्याच्या आत बस सुरू झाली.

मी पहिल्यापासून ऐदी. स्टँडवर तोच पळायचा, खिडकीतून रुमाल टाकायचा आणि शेजारची जागा माझ्यासाठी धरायचा. मग सगळ्या वाटेनं हेडमास्तरांच्या नकला. लय हसायचो. काय दिवस होते ते!

पुढं नामांतराचं पेटलं. एका रविवारी भावकीतली चार वडीलधारी माणसं घरी आली. हातात कागद. सरकारनं कुणाच्या दबावाला बळी पडू नये, विद्यापीठाचं नाव बदलू नये, असं त्यावर लिहिलेलं. खरं सांगतो, त्या नव्या नावाशी माझं काहीच वाकडं नव्हतं. पण बहिणीचं लग्न ठरायचं होतं, आणि एकानं पेन उघडून हातातच दिला. केली सही. भित्रा कुठला!

आठ दिवसांत सह्या करणाऱ्यांची नावं पत्रकात छापून आली. बसमध्ये त्यानं ते पत्रक माझ्या मांडीवर ठेवलं.

"सर, डेपोपुढं आपन सतरंज्या टाकून बसलतो, तो दबाव नव्हता का?"

ती गोष्ट वेगळी, असं मी पुटपुटलो. तो उठला आणि दांडी धरून उभा राहिला.

तेव्हापासून मी पळायला लागलो. रोज रुमाल टाकून त्याची जागा धरायचो, तो रोज उभा. अशी वर्षं गेली. असले दबाव लोकशाहीला बरे की वाईट, यावर आता पोरं माझ्यापुढं वाद घालतात. मला आपलं एवढंच कळतं, की डेपोपुढं आम्ही सगळ्यांसाठी मागत होतो, आणि त्या कागदावर दुसऱ्याला मिळू नये म्हणून मागितलं होतं.

नामांतर झालं त्या आठवड्यात वाटलं, आता तरी बसेल. तो आला, रुमाल उचलला, नीट घडी घालून माझ्या हातात दिला आणि एका म्हातारीला तिथं बसवलं. उन्हाळ्यात त्याची चुडाव्याकडं बदली झाली. आजही बसमध्ये शेजारची जागा रिकामी दिसली की जीव तुटतो.

इतकी वर्षं मी रुमाल टाकत राहिलो. माझं चुकलं, एवढं मात्र तोंडानं एकदाही म्हणालो नाही. बहुतेक तेवढंच ऐकायला तो उभा होता.