रास्तकोचा नापास शेरा

निश शहरात स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडणारी जी हौशी मंडळी आहेत, ती बायकोला न विचारता गाडी घेतील, पण रास्तकोला न विचारता पॉवर सप्लाय घेणार नाहीत. कॉम्प्युटरच्या पोटातला हा लोखंडी ठोकळा भिंतीतली वीज घेतो आणि आतल्या महागड्या भागांना वाटतो. तो स्वस्तातला निघाला, तर मरताना शेजाऱ्यांनाही बरोबर घेऊन जातो. म्हणून रास्तकोचा शेरा लागायचा. पास किंवा नापास. ‘बरा आहे’ हा शब्द त्याच्या कोशात नव्हता.

रेडिओच्या कारखान्यात त्याची अर्धी उमर गेली. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीचे टॅक्सी चालवायला लागले. रास्तको मात्र घरी येऊन आईच्या शिवणाच्या खोलीत ठाण मांडून बसला. जुन्या भागांतून त्याने कपाटाएवढा एक सांगाडा उभा केला. पॉवर सप्लाय त्याला जोडायचा, पूर्ण ताकदीने तासभर राबवायचा आणि वीज कुठे डगमगते का ते बघायचं. सांगाडा सगळी वीज गिळायचा आणि शेगडीसारखी उष्णता बाहेर टाकायचा, त्यामुळे खिडकी सताड उघडी ठेवणं भाग होतं. सांगाड्याचे पंखे इतके बोंबलायचे की रास्तको भिंतीवरच्या तापमापकावर एक नजर टाकून शेजारच्या खोलीत जायचा आणि तिथल्या पडद्यावर विजेचे आकडे बघत बसायचा. माणूस हट्टी, तिरसट आणि प्रामाणिक. दुकानदारांना तो आवडत नसे, आणि त्याचं त्याला काही वाटतही नसे.

ह्या उन्हाळ्यात त्याने एका नव्या पॉवर सप्लायला नापास केलं. पूर्ण ताकदीवर तो मध्येच बंद पडला होता, एकदा नव्हे, दर वेळी. आता बेलग्रेडचा ग्वोझ्देन, जो श्रीमंत पोरांना चकचकीत कॉम्प्युटर जोडून देतो, तोच पॉवर सप्लाय डोळे झाकून वापरत होता. त्याने इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, “म्हाताऱ्याचा सांगाडा गंजलाय. माझ्याकडे हा महिनोन्महिने चालतोय.” रास्तकोचं डोकं सणकलं. त्याने तिथेच उत्तर दिलं, “ये आणि डोळ्यांनी बघ. माझी चूक निघाली तर हे काम कायमचं सोडतो.”

ग्वोझ्देन आला तो नेमका इलिनदानच्या सणाला. गडगडाटाचा धनी संत इलिया हा रास्तकोच्या घराण्याचा संत. त्या दिवशी कोणालाच बोलावणं नसतं आणि आलेल्या कोणालाही दारातून परत पाठवता येत नाही. ते गड्याला पक्कं माहीत होतं.

“हुशार आहेस,” दारातच रास्तको म्हणाला. “आज मला तुला शिव्या देता येत नाहीत.”

“म्हणून तर आजच आलो, काका. घरधन्याला सण लाभो!” ग्वोझ्देनने काखेतलं सीलबंद खोकं दाखवलं. “हा मी स्वतः दुकानातून उचललाय. तुझा हात लागलेला नाही.”

रास्तकोची आई विदोसावा आजी राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, घेऊन पुढे आली. “कोण रे हा? किती वाळलायस! बेलग्रेडमध्ये जेवायला देत नाहीत का?”

आत पाहुण्यांनी भरलेलं टेबल, मधोमध भाजलेलं कोकरू. घरधनी ह्या दिवशी बसत नाही, पाहुण्यांचे पेले भरत उभा राहतो, तसा रास्तको उभाच होता. पण चित्त ताटांवर नव्हतं. त्याने खिडकी उघडली, जोडणी केली, तापमापक बघितला आणि बटण दाबलं. ग्वोझ्देन म्हणाला, “मी आतच थांबतो. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही, पण नाहीच.” कानात कापूस कोंबून तो सांगाड्याशेजारी उभा राहिला.

इकडे पडद्यासमोर रास्तको आणि त्याच्या मागे माना उंचावून सगळे पाहुणे. विदोसावा आजी ताट वाढून आतल्या पाहुण्याला देऊन आली. अर्धा तास होतो न होतो तोच पडद्यावरच्या सगळ्या रेषा एकदम खाली आल्या. बंद!

घरात एकच आरडाओरडा झाला. कोणीतरी रास्तकोच्या पाठीत धपाटा घातला. ग्वोझ्देन घाम पुसत बाहेर आला. “हरलो, काका. माझ्या डोळ्यांदेखत मेला. आज रात्रीच लिहितो की तुझं बरोबर होतं.”

रास्तकोच्या छातीवरचं ओझं उतरलं. तो पेला भरायला वळला आणि थबकला. “तू इतका भिजलास कसा?”

“बंद खोलीत उभा होतो, भिजणार नाही तर काय?”

“बंद? मी खिडकी उघडली होती.”

“आजीनं लावली. माझ्या मानेवर वारा येत होता ना.” त्यात विचित्र असं काहीच नव्हतं. आमच्याकडे दोन बाजूंनी येणाऱ्या वाऱ्याला लोक वाघापेक्षा जास्त भितात, आणि कोणाच्या आईने खिडकी लावली तर माणूस आभारच मानतो.

“मी तर नेहमीच लावते,” आजी म्हणाली. “तू उघडी टाकून जातोस. त्या मशीनलाही बाधेल.”

रास्तको आत गेला. तापमापकाकडे बघितलं आणि त्याचं तोंड उतरलं. भट्टीच होती ती. इतक्या उष्णतेत कुठलाही शहाणा पॉवर सप्लाय जीव वाचवायला स्वतःहून बंद होतो. गप्प बसला असता तर कोणाला काही कळलं नसतं. पाहुणे खूश होते आणि ग्वोझ्देनने तर हार मानलीच होती. क्षणभर, खोटं कशाला बोला, त्याच्या मनात तसं आलं. मग त्याने खिडकीची दोन्ही दारं उघडली, पंखा लावून खोली थंड केली आणि बाहेर येऊन सांगितलं, “ही चाचणी धरायची नाही. परत घेतो.”

“अरे, जिंकलायस तू!” पाहुण्यांतला एक ओरडला.

“गप बस आणि कोकरू खा.”

ह्या वेळी खिडकीपाशी तो स्वतः उभा राहिला. तासभर. रेषा हलल्यासुद्धा नाहीत.

“पास,” रास्तको सगळ्यांसमोर म्हणाला.

विदोसावा आजी रडवेली झाली. “माझ्यामुळे झालं का रे?”

“खिडकी तू लावलीस, आई. तापमान मी नाही बघितलं. विजेचे आकडे पार बारीक टोकापर्यंत मोजत बसलो आणि तापमापक सुरुवातीला एकदाच बघितला. गाढव मी आहे.”

ग्वोझ्देन खाकरला. आवाजातली मस्ती गेली होती. “आणि तू दिलेला शब्द, काका?”

“मोडला. हसायचं तर हस. सगळीकडे लिही. पण नापास केलेले सगळे परत तपासल्याशिवाय मी थांबलो, तर ते शब्द पाळणं नव्हे, पळून जाणं होईल. पास झालेले तर भट्टीतही टिकले, त्यांची चिंता नाही. पण ज्यांना मी...” तो बोलता बोलता थांबला. लेस्कोवाचचा स्वेतोलिक आठवला. घरच्या कार्यशाळेत त्याने पहिला पॉवर सप्लाय बनवून मोठ्या आशेने रास्तकोकडे पाठवला होता. नापास शेऱ्यानंतर एकही विकला गेला नाही, आणि स्वेतोलिकने कार्यशाळेला कुलूप लावलं.

रास्तकोने पाहुण्यांसमोरच फोन लावला.

“स्वेतोलिक, मी रास्तको, निशचा. फोन ठेवू नकोस. तुझा पॉवर सप्लाय मी नापास केला होता. कदाचित माझंच चुकलं असेल. एखादा उरलाय का तुझ्याकडे?”

स्वेतोलिक म्हणाला, “एक आहे, फडताळावर. आता त्याचा काय उपयोग?”

“मला माहीत नाही. पण खरं काय ते तुला कळायला हवं. आज ये. माझ्या घरी सण आहे, दार उघडं आहे.”

“माझे वडील अजून म्हणतात, मी जोडणी कच्ची ठेवली,” स्वेतोलिक सावकाश म्हणाला. “त्यांनीच मला हे काम शिकवलं. त्यांना घेऊन येतो. त्यांच्यासमोर तपास.”