दोन पिशव्या घेऊन बोटीवर

चष्मा कपाळावर सरकवला की समजायचं, आता मॅडमजी ऐकणार नाहीत. मग ते ठरलेलं वाक्य यायचं. "मी विचारत नाहीये, सांगतेय." समोरचा हिंदी बोलणारा असला तर तेच हिंदीत, "मैं पूछ नहीं रही, बता रही हूँ." आवाज चढायचा नाही, उलट थोडा उतरायचाच. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याचा आवाज उतरला की समोरचा वाद आवरता घेतो.

मी ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं ते इंदूरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात, अ‍ॅडमिशनच्या खिडकीसमोर. सांवेरहून बसने आलो होतो. वडील ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी कोणी चढलेलं नव्हतं, त्यामुळे फॉर्म कसा भरायचा हे विचारायलाही कोणी नव्हतं. शेवटचा दिवस होता आणि माझा एक दाखला कमी होता. खिडकीतले बाबू म्हणाले, "भिया, अब अगले साल आना." मी फॉर्म परत घेतला. मला वाटलं, असंच असतं.

तेवढ्यात त्यांच्या मागच्या टेबलावर एक चष्मा कपाळावर गेला.

"फॉर्म जमा करून घ्या. दाखला उद्या आणेल तो."

"पण मॅडमजी, नियम..."

"तो नियम मीच टाइप केलाय. कमी कागदांना तीन दिवस आहेत. मी विचारत नाहीये, सांगतेय." मग माझ्याकडे बघून, "आणि तू रे सांवेरवाले, रडतोस काय? उद्या पहिल्या बसने ये."

मी रडत नव्हतो, असं मला अजूनही वाटतं. पण दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने गेलो. तीन वर्षांनी पदवीचा कागद हातात आला, तेव्हा पेढे घेऊन आधी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पेढा बाजूला ठेवला, कागदावरचं नाव, वडिलांचं नाव, वर्ष, सगळं बोट ठेवून तपासलं आणि मग तोंड उघडलं. पेढ्यासाठी.

पुढे मी एका सहल कंपनीत लागलो आणि बड़ा गणपतीजवळ खोली घेतली. मॅडमजी दोन गल्ल्या सोडून राहायच्या. निवृत्त झाल्या होत्या, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्यात होता. घर लहान, पण फाटकाशी हिरवा आणि निळा असे दोन डबे शिपायांसारखे उभे. ओला कचरा हिरव्यात, सुका निळ्यात. इंदूरमध्ये हे आता सगळेच करतात, त्यात काय सांगायचं, असं तुम्ही म्हणाल. पण मॅडमजी शेजाऱ्यांच्या डब्यातही डोकावून बघायच्या. एकदा मी त्यांच्याकडे चहाला गेलो आणि चहाची पिशवी दोऱ्यासकट हिरव्या डब्यात टाकली. त्यांनी ती माझ्याकडून बाहेर काढून घेतली. पत्ती इकडे, दोरा तिकडे.

मॅडमजींच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा कचऱ्याची गाडी कोपऱ्यावर थांबायला लागली होती. गाडीवाल्याचं म्हणणं, गल्ली अरुंद आहे, गाडी मागे घेताना त्रास होतो. मॅडमजी वॉकर घेऊन कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि गाडीच्या पुढे उभ्या राहिल्या.

"फाटकाशी थांबायचं."

"अम्माजी, बैक करने में दिक्कत होती है."

"मग मी शिकवते. मैं पूछ नहीं रही, बता रही हूँ."

वॉकरवरच्या बाई एका हाताने इशारे करतायत आणि गाडी इंचाइंचाने मागे येतेय, हे सगळ्या गल्लीने पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून गाडी फाटकाशी थांबायला लागली.

मुलाला हे कौतुक नव्हतं. त्याचंही चुकत नव्हतं म्हणा. आई एकटी, गुडघे नवे, आणि तो इतक्या लांब. तो म्हणायचा, घर बंद कर आणि पुण्याला ये. त्या म्हणायच्या, पुण्यात माझं काय आहे? तो म्हणायचा, मी आहे. यावर त्या मान डोलवायच्या, पण सामान बांधायच्या नाहीत. शेवटी दोघांत एक करार झाला. आमच्या कंपनीची सिंगापूर-पेनांग बोटीची सहल होती. मॅडमजींनी ती एकटीने, कोणाला त्रास न देता पार पाडली, तर पुण्याचा विषय पुन्हा निघणार नाही. काही गडबड झाली, तर परतल्यावर महिन्याभरात घराला कुलूप. टूर मॅनेजर मी होतो. मुलाने मला वेगळा फोन केला. "लक्ष ठेव. जरा काही झालं की लगेच कळव." मी हो म्हटलं. मोठ्या माणसांना मी तेव्हा नाही म्हणत नसे.

पेनांगला बोट गावाला अगदी लागूनच उभी राहते. सकाळी आम्ही बत्तीस जण उतरलो. साडेपाचला सगळे बोटीवर परत हवेत, असा बोटीचा नियम होता. दिवसभर देवळं, जुन्या गल्ल्या, भिंतींवरची चित्रं. दुपारी सगळ्यांनी केळी खाल्ली आणि इंदूरचेच लोक ते, सालं हातात धरून उभे राहिले. रस्त्याला एकच डबा, त्यात सगळं एकत्र. दोघातिघांनी इकडेतिकडे बघून टाकून दिली. मॅडमजींनी पर्समधून हिरवी आणि निळी अशा दोन कापडी पिशव्या काढल्या.

"द्या इकडे. सालं हिरवीत, कागद निळीत."

"मॅडमजी, हे परदेश आहे," कोणीतरी म्हणालं.

"मग काय केळं बदललं?"

चार वाजता बसपाशी मी माणसं मोजली. एकतीस. पुन्हा मोजली. एकतीसच. कळलं की मॅडमजी ओल्या कचऱ्याचा डबा शोधायला गेल्यात. त्यांचा फोन बंद होता, कारण मुलगा सारखा फोन करतो म्हणून त्या तो बंदच ठेवायच्या. मी बस बंदराकडे पाठवली आणि एकटा गल्ल्यांमधून धावत सुटलो. तासभर शोधलं. दुकानदारांना हातवारे करून विचारलं. साडीतली बाई, स्पोर्ट्स शूज, दोन पिशव्या. नाही. शेवटी मी त्यांच्या मुलाला फोन केला. "दादा, मॅडमजी सापडत नाहीयेत."

मुलगा म्हणाला, "तरी मी सांगत होतो. आई आधी सापडू दे. मग मी बघतो."

बोटीवर कळवावं म्हणून मी बंदरावर पळालो. आणि तिथे, बॅगा तपासतात त्या यंत्रापाशी, एक चष्मा कपाळावर गेलेला मला लांबूनच दिसला.

त्या वाट चुकल्याच नव्हत्या. डबा सापडला नाही, बसची वेळ टळली, हे त्यांच्या लक्षात आलं. घरांच्या वर बोटीची चिमणी दिसत होती. तिच्याकडे बघत त्या नव्या गुडघ्यांवर चालत आल्या. बस गर्दीत अडकली होती, तिच्याही आधी त्या पोचल्या होत्या. अडकल्या होत्या त्या केळ्याच्या सालांमुळे. फळं, सालं बोटीवर न्यायची नाहीत, तिथल्या मोठ्या पिंपात टाका, असं पहारेकरी इंग्रजीत सांगत होता. आणि पिंपात बाटल्या, कागद, उरलेला भात, सगळं एकत्र होतं.

"मॅडमजी, टाका ना त्यात. वीस मिनिटं राहिलीत. बोट सुटेल."

"सुटू दे. दिवसभर वेगळं वाहिलं ते इथे एकत्र करायला?"

"पण सालंच आहेत ती!"

"सालंच आहेत म्हणून सोडायचं? मग त्या दिवशी एका पोराचंच वर्ष जात होतं, ते तरी मी कशाला अडवलं?"

मागे रांग वाढत होती. पहारेकरी घड्याळ दाखवत होता आणि मॅडमजी त्याला शुद्ध इंदुरी हिंदीत सांगत होत्या की त्या विचारत नाहीयेत. तेवढ्यात झाडू मारणारी एक बाई ढकलगाडी घेऊन आली. डोक्याला रुमाल, वय मॅडमजींच्याच आसपास. तिने हिरव्या पिशवीत वाकून बघितलं आणि हसली. हाताने रोप दाखवलं, माती दाखवली, मग आपल्या छातीवर हात ठेवला. तिच्या झाडांना हवी होती सालं. मॅडमजींनी पिशवीच तिच्या हातात दिली. दोघींनी एकमेकींना नमस्कार केला, आपापल्या पद्धतीने. पाच वाजून बावीस मिनिटांनी मॅडमजी निळी पिशवी घेऊन बोटीवर चढल्या.

संध्याकाळी बोट सुटली. वरच्या डेकवर गार वारा होता. दिवसभर उन्हात फिरलेले लोक पाय पसरून बसले होते, कोणी फोटो बघत होतं, कोणी चहात बिस्किट बुडवत होतं. पेनांग हळूहळू मागे सरकत होतं. मॅडमजी कठड्यापाशी खुर्ची ओढून बसल्या होत्या, साडी बदलून महेश्वरी नेसलेल्या, बूट तेच. चेहऱ्यावर एवढा आनंद की मला सांगवेना. पण सांगितलं. मी मुलाला फोन केलाय. सापडल्यावर सापडल्या म्हणूनही कळवलंय, पण तो ऐकायला तयार नाही.

त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत मी त्यांना असं खचलेलं पाहिलं नव्हतं.

"म्हणजे घर गेलं," त्या म्हणाल्या.

मग चष्मा कपाळावर गेला नाही. डोळ्यांवरून काढून त्यांनी तो पदराने पुसला. "लाव फोन. किनाऱ्याची रेंज आहे तोवर लाव."

मुलगा लगेच बोलायला लागला. "आई, पुरे आता. ठरलं होतं आपलं. परदेशात हरवतेस म्हणजे काय? त्या मुलाला दे फोन."

मी फोन घेतला. "दादा, मॅडमजी हरवल्या नव्हत्या. मी घाबरलो होतो. त्या बसच्याही आधी चालत बोटीपाशी पोचल्या होत्या. हरवलो असेन तर मी."

"तू तिची बाजू घेऊ नकोस. उद्या इंदुरात काही झालं तर?"

"दोन गल्ल्यांवर मी आहे. रोज जाईन. पण गडबड झाली ती माझ्याकडून. त्यांचं घर बंद करायचं नाही, दादा."

"हे तू मला विचारतोयस?"

समोर मॅडमजी बसल्या होत्या. माझ्या तोंडात सवयीचं "हो, दादा" आलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "सांगतोय."

तो म्हणाला, "आईला दे." ती दोघं पुढे काय बोलली ते मी ऐकलं नाही, बाजूला गेलो. रेंज गेली तेव्हा त्यांनी मला हाक मारली.

"आवाज कापत होता रे तुझा, सांवेरवाले."

"हो, मॅडमजी."

"चालेल. पुढच्या वेळी कमी कापेल." आणि पर्समधून शेवेची पुडी काढून म्हणाल्या, "चल जेवायला. यांच्या सूपमध्ये काही दम नाही."

जेवणाच्या टेबलावर कोणीतरी चिडवलंच, "मॅडमजी, आज तर बोट चुकली असती!"

"चुकली असती तर पेनांगला राहिले असते. दोन डबे लावले असते." आणि पांढरं टेबलक्लॉथ अंथरलेल्या टेबलावर, सूट घातलेल्या वेटरच्या देखत त्यांनी सूपवर मूठभर शेव घातली. त्यालाही थोडी दिली.

मॅडमजी त्यानंतर चार वर्षं त्यांच्याच घरात राहिल्या. मी रोज जात होतो. बहुतेक वेळा बोलणी खायला. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी, डबे बाहेर ठेवून आत आल्या आणि आपल्याच पलंगावर त्यांनी कायमचे डोळे मिटले. मुलगा आला. कुलूप लावून किल्ली माझ्या हातात देताना म्हणाला, "तेव्हा मी तिला नेलं असतं तर..." आणि वाक्य पुरं केलं नाही. मी किल्ली खिशात टाकली.

परवा सकाळी त्या गल्लीतून चाललो होतो. कचऱ्याची गाडी वाजत आली, इंचाइंचाने मागे सरकली आणि बंद फाटकाशी थांबली. आत कोणी नाही, बाहेर डबे नाहीत. मी गाडीवाल्याला म्हटलं, "अब यहाँ कोई नहीं है, भिया. सीधे निकल जाया करो."

त्याने माझ्याकडे बघितलं. इंजिन बंद केलं नाही, पण ब्रेकवरचा पायही काढला नाही.

"दो मिनट रुकेगी," तो म्हणाला. "यहाँ रुकती है."