घरून नेलेलं पाणी

जालन्याच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीला डिसेंबर लागला की गरिबांची आठवण यायची. बाकीचे अकरा महिने गरीब कुठं जात होते कोण जाणे. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी शाळामास्तर आणि मंडळीच्या कमिटीत नवाच. नाताळच्या आधी दोन दिवस आम्ही टेम्पोत सतरंजी टाकून, पेटी-ढोलकी आणि फराळाची पाकिटं घेऊन भोकरदनकडच्या एका मजुरांच्या वस्तीवर जायचो. माझ्याकडे एकच काम होतं. पाण्याचा वीस लिटरचा कॅन मांडीशी धरून बसायचं.

सेक्रेटरींनी पहिल्याच वर्षी मला बजावलं होतं, "सर, तिथलं पाणी बाधतं. कुणी काही दिलं तर आम्हाला बाधतं म्हणा, नाहीतर उपास आहे म्हणा."

बाधतं! माझे आजोबा याच तालुक्यातले. विहिरीच्या कडेला ओंजळ करून बसायचे, आणि कुणाला कीव आली की वरून पाणी ओतलं जायचं. हे वडिलांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की पाठ झालं होतं. कमिटीतल्या निम्म्या लोकांच्या घरी हीच कहाणी होती. आणि आता आम्ही इस्त्रीचे कपडे घालून त्याच तालुक्यात घरचं पाणी घेऊन निघालो होतो. मला तेव्हा लाज वाटली नाही. कॅन सांडू नये एवढीच काळजी होती.

वस्तीवर गाणी झाली. मग आमच्या चर्चचे पाळकसाहेब उभे राहिले. विहिरीवर बसून परक्या जातीच्या बाईकडे प्यायला पाणी मागणारा प्रभू त्यांनी असा रंगवून सांगितला की बायकांनी डोळ्याला पदर लावले. गोष्टीत ती बाई घागर उचलते न उचलते तोच पाळकसाहेबांचा घसा सुकला. त्यांनी बोलता बोलता माझ्याकडे बोट केलं. मी उठलो, कॅनची तोटी सोडली, आपला स्टीलचा पेला भरला आणि सगळ्या वस्तीदेखत त्यांना नेऊन दिला. ते घटाघटा प्यायले आणि पुन्हा विहिरीवर गेले. कुणाला काही वावगं वाटलं नाही. मी पेला पुसला आणि कॅन पुन्हा मांडीशी धरून बसलो.

पाकिटं वाटून झाल्यावर एक म्हातारी चहा घेऊन आली. कपबशी शेजारणीकडून मागून आणलेली दिसत होती, कारण शेजारीण दारातून तिच्यावर नजर ठेवून होती.

"घ्या भाऊ. जल्दीत केलाय, साखर बराबर पडली का न्हाई बघा."

सेक्रेटरींनी लांबूनच 'नको' म्हणून मान हलवली. मी हसत कप घेतला, टेम्पोमागं गेलो आणि चहा मातीत ओतला. ओढून घेतला तो चहा मातीनं. रिकामा कप परत दिला आणि 'छान होता' असंही म्हणालो. त्या शब्दांची मला चहा ओतण्याहून जास्त किळस येते.

म्हातारी गेली आणि थोड्या वेळानं तोच कप भरून परत आली.

"पहिला सांडला वाटतं तुमचा. मंग दुसरा केला."

तिनं पाहिलं होतं. पण तिच्या तोंडावर राग शोधूनही सापडला नाही. ती समोरून हलेना, म्हणून मी प्यालो. माझा काही मोठेपणा नव्हता. ओतायला जागाच उरली नव्हती.

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, साक्षी व्हायच्या. वस्तीवर देवाचं कार्य कसं दिसलं, हे एकेकानं उठून सांगायचं. कुणाला बायकांच्या डोळ्यांतल्या पाण्यात देव दिसला, कुणाला टेम्पो पंक्चर झाला नाही त्यात. माझी पाळी आली. गोड काहीतरी बोलून बसायचं ठरवूनच मी उठलो होतो, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मला देव दिसला. त्यानं मला चहा दिला. मी तो ओतून टाकला, तर त्यानं परत करून आणला."

मग कॅनचंही सांगितलं, आजोबांचंही. पाळकसाहेबांनी पुढच्या गाण्याचा नंबर पुकारला. बाहेर सेक्रेटरी म्हणाले, "सर, घरातल्या गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात."

पुढच्या नाताळात कॅन आला होता, फक्त दुसऱ्याच्या मांडीशी. वस्तीवर उतरल्या उतरल्या मी म्हातारीच्या दारात गेलो.

"मावशी, प्यायला पाणी द्या."

"अहो सर," मागून सेक्रेटरी ओरडले, "आपला कॅन इकडं आहे!"

म्हातारी तांब्या भरून आली आणि उंबऱ्यातच थबकली. "भाऊ, बाधंल ना तुमाला," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, तिला खरंच काळजी वाटत होती. आम्ही सांगितलेलं तिनं खरं मानलं होतं.

मी खाली बसलो आणि ओंजळ पुढं केली. तिनं तांब्याच माझ्या हातात दिला.